फोर बाय फोरचे शाफ्ट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंजिन ऑइल वेळेवर बदलणारी, टायरची हवा दर आठवड्याला बघणारी माणसंसुद्धा शाफ्टकडे ढुंकून बघत नाहीत. तो खाली असतो, चिखलाने माखलेला असतो आणि वर्षानुवर्षं काही बोलत नाही. बोलायला लागतो तेव्हा बहुतेकदा क्रॉस, म्हणजे त्याच्या टोकाचा वाकणारा सांधा, गेलेला असतो. स्वतःच्या आणि मित्रांच्या गाड्यांखाली पाठ टेकून मी हे काम बरीच वर्षं करतोय. पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केलेत.

शाफ्ट म्हणजे नक्की कोणता? गाडीखाली तर चार-पाच दांडे दिसतात.

फिरणारे दोन ठळक. गिअरबॉक्सला लागून ट्रान्सफर केस असते, ताकद पुढे आणि मागे वाटणारी पेटी. तिथून एक नळी मागच्या डिफरन्शियलकडे (एक्सलवरची, दोन्ही चाकांना ताकद देणारी गिअरची पेटी) जाते आणि एक पुढच्या. हे प्रोपेलर शाफ्ट; नुसतं 'शाफ्ट' म्हटलं की बहुधा हेच. डिफरन्शियलपासून चाकापर्यंत जातात ते एक्सल शाफ्ट. सलग एक्सलच्या गाडीत ते हाउजिंगच्या आत लपलेले असतात. पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असेल तर ते उघडे दिसतात आणि त्यांच्या दोन्ही टोकांना घड्यांचे रबरी बूट असतात. उरलेले दांडे स्टिअरिंगचे किंवा सस्पेन्शनचे, ते फिरत नाहीत. इथे मुख्यतः प्रोपेलर शाफ्टबद्दल बोलतोय. बूटवाल्यांसाठी खाली वेगळा प्रश्न आहे.

क्रॉस काय करतो? आणि प्रत्येक शाफ्टला दोन क्रॉस कशाला?

क्रॉस म्हणजे अधिकच्या चिन्हासारखा पोलादी तुकडा. त्याच्या चार हातांवर चार कप बसतात आणि प्रत्येक कपाच्या आत सुईसारख्या बारीक रोलरची रांग असते. दोन कप एका योकमध्ये (टोकाच्या दुबेळक्यात), दोन समोरच्या योकमध्ये. एक्सल खड्ड्यात वरखाली होतो तेव्हा शाफ्टचा कोन बदलतो, आणि फिरता फिरता वाकण्याचं काम हा क्रॉस करतो. कल्पना फार जुनी आहे. सोळाव्या शतकातल्या इटलीच्या कार्डानोवरून याला कार्डन जॉइंट म्हणतात, तर सतराव्या शतकातल्या रॉबर्ट हुकवरून हुक जॉइंट.

यात एक खोड आहे. क्रॉस वाकलेला असेल तर अलीकडचा भाग एकसारख्या वेगाने फिरला तरी पलीकडचा तसा फिरत नाही. एका फेरीत तो दोनदा पुढे पळतो आणि दोनदा रेंगाळतो. कोन १० अंश असेल तर हा फरक दीड टक्क्याच्या आसपास असतो, २० अंशांना सहा टक्क्यांच्या आसपास. ३० अंशांना मात्र वेग एकदा साडेतेरा टक्क्यांनी पडतो आणि एकदा साडेपंधरा टक्क्यांनी चढतो. म्हणून दुसऱ्या टोकाला दुसरा क्रॉस. पहिल्याने केलेली गडबड तो उलट्या दिशेने निस्तरतो. पण त्यासाठी दोन अटी: दोन्ही टोकांचे कोन सारखे हवेत, आणि नळीच्या दोन्ही टोकांचे योक एका रेषेत हवेत. पुढे उंच केलेल्या गाड्यांचा आणि खुणांचा विषय येईल तेव्हा या दोन अटी आठवा. निम्म्या तक्रारी तिथूनच निघतात.

ग्रीसिंग किती दिवसांनी करायचं?

मॅन्युअल बघा. बऱ्याच गाड्यांना साध्या वापरात ५,००० ते १०,००० किलोमीटर किंवा सहा महिने असा हिशेब दिलेला असतो. चिखल, बारीक वाळू, नदी-नाले असा वापर असेल तर मी निम्म्यावर करतो. किलोमीटर मोजत बसण्यापेक्षा ऑइल बदलताना दर वेळी ग्रीस गन हातात घ्यायची सवय सोपी.

ग्रीस मारतो तरी क्रॉस जातो. असं का?

कारण ग्रीस चारही कपांत पोचत नाही. या पानावरचा एकच प्रश्न वाचणार असाल तर हा वाचा.

निपल, म्हणजे ग्रीस गन लावायचं छोटं तोंड, एक असतो आणि त्यातून क्रॉसच्या आतल्या छिद्रांवाटे ग्रीस चार दिशांना जातं. ग्रीस आळशी असतं, जिथे वाट मोकळी तिथे जातं. तीन कप मोकळे आणि चौथ्यात जुनं ग्रीस सुकून दगड झालेलं असेल, तर तुम्ही कितीही पंप मारा, नवं ग्रीस त्या तीन कपांतूनच बाहेर येत राहणार. बघणाऱ्याला वाटतं, व्वा, भरपूर ग्रीस बाहेर आलं, झालं काम. चौथा कप मात्र कोरडाच. त्यातल्या सुया गंजतात, त्यांचा भुगा होतो, आणि क्रॉस जातो तो नेमका त्या हातावर. काढून टाकलेले क्रॉस मी उगाचच उघडून बघतो. तीन हात आरशासारखे आणि चौथ्यावर सुयांच्या खाचा, हे इतक्यांदा पाहिलंय की आता नवल वाटत नाही.

तेव्हा पद्धत अशी. आधी निपल फडक्याने स्वच्छ पुसा, नाहीतर त्याच्या तोंडावरची माती तुम्हीच आत ढकलाल. चारही कपांच्या सीलभोवतीची घाणही पुसून काढा, म्हणजे ग्रीस कुठून आलं ते दिसेल. मग हातगनने सावकाश पंप मारा आणि एकेक कप बघा. चारही सीलमधून आधी जुनं काळं आणि मग नव्या रंगाचं ग्रीस डोकावलं की थांबा. हवेच्या दाबावर चालणारी गन मी क्रॉसला लावत नाही, सील उलटं होतं.

एखादा कप हटूनच बसला असेल तर गाडी थोडी पुढे ढकलून शाफ्ट पाव फेरी फिरवा आणि पुन्हा बघा. तरी नाही, तर योकमध्ये पहार हलकेच अडकवून क्रॉस त्या कपापासून उलट बाजूला दाबून धरा आणि दुसऱ्याला पंप मारायला सांगा. केसभर फट पडली तरी ग्रीस वाट काढतं. कप बोल्टच्या पट्टीने धरलेला असेल तर पट्टी एक-दोन आटे सैल करूनही हेच साधतं, मात्र नंतर ती टॉर्कला आवळायला विसरू नका. एवढं करूनही कप ग्रीस घेत नसेल तर शाफ्ट उतरवून क्रॉस तपासा.

बाहेर आलेलं ग्रीस बोटावर घेऊन बघायची सवय लावा. काळं असेल तर काही बिघडलेलं नाही. दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. विटकरी, गंजाच्या रंगाचं आलं किंवा बोटाला कण लागले, तर त्या क्रॉसचे दिवस भरले.

कोणतं ग्रीस वापरायचं?

साधारणपणे एनएलजीआय २ श्रेणीचं (हे ग्रीसच्या घट्टपणाचं माप), जास्त दाब सोसणारं लिथियम किंवा लिथियम कॉम्प्लेक्स ग्रीस. काही उत्पादक दुहेरी क्रॉसला (एकाच टोकाला जोडीने बसवलेले दोन क्रॉस) किंवा स्प्लाइनला (सरकत्या जोडावरचे लांब दाते) मॉलिब्डेनम डायसल्फाइड असलेलं ग्रीस सांगतात, तर साध्या क्रॉसला बिनमॉलिब्डेनमचं. मॅन्युअल म्हणेल ते खरं. दोन वेगळ्या जातींची ग्रीस मिसळू नका. काही मिश्रणं पातळ होऊन गळून जातात. जात बदलायचीच असेल तर जुनं पूर्ण बाहेर येईपर्यंत नवं भरा.

शाफ्टच्या मधल्या सरकत्या भागालाही निपल आहे. तिथे किती मारायचं?

तो स्लिप योक. एक्सल वरखाली होताना शाफ्टची लांबी बदलते, आणि ती बदलावी म्हणून आत स्प्लाइनवर सरकणारा जोड असतो. इथे नियम क्रॉसच्या उलटा आहे: पोटभर भरू नका.

पोकळी ग्रीसने ठासून भरली तर शाफ्ट आखडायला जागाच उरत नाही. ग्रीस दाबलं जात नाही, त्यामुळे मोठ्या खड्ड्यात एक्सल वर आला की अख्खा धक्का ट्रान्सफर केसच्या आणि पिनियनच्या (डिफरन्शियलचा, शाफ्टला जोडलेला गिअर) बेअरिंगवर जातो. मी गाडी जमिनीवर, चाकांवर उभी असताना दोन-चार पंप मारतो आणि सीलजवळ ग्रीस दिसायला लागलं की थांबतो. गाडी जॅकवर, एक्सल लोंबकळत असताना शाफ्ट लांबलेला असतो. तेव्हा भरलेलं ग्रीस गाडी खाली उतरवल्यावर अडचण करतं. आधी कोणीतरी ठासून ठेवलंय अशी शंका आली तर निपल काढा आणि गाडी दोन-चार वेळा दाबून झुलवा. जास्तीचं ग्रीस भोकातून किड्यासारखं वळवळत बाहेर येतं.

माझ्या क्रॉसला निपलच नाही.

मग तो सीलबंद क्रॉस, कारखान्यातच ग्रीस भरलेला. त्याला छिद्रं पाडलेली नसतात, त्यामुळे तो अंगाने थोडा जास्त मजबूत असतो, आणि मुख्यतः डांबरी रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला उत्तम. फक्त सील गेलं की तो वाचवता येत नाही, बदलावाच लागतो. वारंवार पाण्या-चिखलात जाणाऱ्या गाडीला मी निपलवाला पसंत करतो. अर्थात निपल असून कोणी गनच लावणार नसेल तर सीलबंदच बरा.

दुहेरी क्रॉसच्या शाफ्टमध्ये मधोमध एक लहान बॉल असतो. कित्येकदा त्यालाही निपल असतो, पण खोबणीत दडलेला आणि बसका. त्याला साधी गन लागत नाही, सुईसारखं तोंड लागतं. तो निपल आहे हेच अनेक मालकांना माहीत नसतं.

गाडी पाण्यातून नेली. लगेच काही करायचं का?

क्रॉस बुडतील इतक्या पाण्यातून गेली असेल तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ग्रीस मारा. गरम झालेला क्रॉस गार पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. ते बाहेर काढायचा मार्ग एकच, नव्या ग्रीसने ढकलून. पाणी समुद्राचं असेल तर आधी गोड्या पाण्याने खालचा भाग धुवा. धुताना प्रेशर वॉशरची धार थेट सीलवर धरू नका. नदीने जे पाणी आत घातलं नाही ते ही धार घालते.

कोणता आवाज कशाचा?

सावकाश जाताना चिमणी चिवचिवल्यासारखा आवाज, वेग वाढला की तो भरभर होतो: क्रॉसचा कप कोरडा पडलाय. ही पहिली सूचना, आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष हिच्याकडेच होतं. कारण २० किलोमीटरच्या वेगानंतर इंजिन आणि टायरच्या आवाजात ती ऐकूच येत नाही. खिडक्या उघड्या ठेवून भिंतीच्या कडेने हळू जाऊन बघा.

पुढच्या गिअरमधून रिव्हर्सला टाकताना किंवा क्लच सोडताना 'खट्ट': क्रॉसमध्ये प्ले (ढिलेपणा), स्प्लाइन झिजलेली, फ्लॅन्जचे (शाफ्ट जोडायच्या चकतीचे) बोल्ट ढिले, किंवा डिफरन्शियलचाच बॅकलॅश (गिअरच्या दातांमधली मोकळीक). बोल्ट आधी बघा. मित्राच्या गाडीचा असा आवाज शोधायला आम्ही दोन संध्याकाळी डिफरन्शियलवर घालवल्या होत्या आणि निघाला एक नट, बोटाने फिरणारा.

स्टिअरिंग पूर्ण वळवून निघताना 'टक टक टक': चाकाकडचा सीव्ही जॉइंट, म्हणजे एक्सल शाफ्टच्या टोकाचा, रबरी बूटाच्या आतला सांधा. शाफ्ट दोन तुकड्यांचा असेल आणि उभ्या गाडीवरून निघताना खालून गडगड-थरथर होत असेल तर सेंटर बेअरिंगचं (दोन तुकड्यांच्या मधल्या आधाराचं) रबर फाटलंय का ते बघा.

ठरावीक वेगाला गाडी थरथरते. चाक की शाफ्ट, कसं ओळखायचं?

थोडं गणित करू. टायरचा घेर २.२ मीटर धरला तर ताशी १०० किलोमीटरला चाक मिनिटाला साधारण ७६० फेऱ्या मारतं. डिफरन्शियलचं प्रमाण ४.१ असेल तर शाफ्ट त्याच वेळी ३,१०० च्या आसपास फेऱ्या मारतो. म्हणजे चाकाचा तोल बिघडला तर सेकंदाला बारा-तेरा हिसके बसतात आणि ते स्टिअरिंगवर हलल्यासारखे जाणवतात. शाफ्टचा तोल बिघडला तर सेकंदाला पन्नासेक. ते हलणं राहत नाही, सीटमधून आणि फरशीतून गुणगुण येते, आरशातलं चित्र पुसट होतं. क्रॉसचे कोन चुकले असतील तर हिसके फेरीत दोनदा, म्हणजे आणखी दुप्पट वेगाने.

मोकळ्या रस्त्यावर त्या वेगाला गाडी न्यूट्रलला टाकून बघा. थरथर तशीच राहिली तर चाक किंवा शाफ्टचा तोल. एकदम गेली तर भार आल्यावर बदलणारा कोन, झिजलेला क्रॉस किंवा इंजिनचे माउंट. पुढच्या चाकांना फ्रीव्हील हब (चाक एक्सल शाफ्टपासून मोकळं करता येतं असे) असतील तर आणखी सोपं. हब मोकळे केले आणि टू-व्हीलला टाकलं की पुढचा शाफ्ट फिरतच नाही. थरथर गेली, तर गुन्हेगार पुढचा.

शाफ्ट बॅलन्सिंगला काढण्याआधी गाडीखाली जा आणि नळीवरचा चिखल खरवडा. सुकलेल्या चिखलाचा एका बाजूचा पोपडा तोल बिघडवायला पुरतो. तोलासाठी नळीला छोट्या पट्ट्या वेल्ड केलेल्या असतात. त्यांतली एखादी उडाली असेल तर चकचकीत किंवा गंजलेला चौकोन दिसतो. दगड लागून नळीला पोचा आलाय का तेही हात फिरवून बघा. पोचा आलेली नळी ठोकून सरळ करायच्या भानगडीत पडू नका. ती पातळ असते, नंतर भाराखाली तिथेच पिळली जाते.

क्रॉसमधला प्ले घरी कसा तपासायचा?

सपाट जागा, चाकांच्या पुढे-मागे लाकडी ठोकळे, मगच गिअर आणि ट्रान्सफर केस न्यूट्रल. एका हाताने शाफ्टची नळी, दुसऱ्याने समोरचा फ्लॅन्ज धरून उलट दिशांना पिळा, मग वर-खाली उचला. क्रॉस आणि योक यांच्यामध्ये काही हललेलं डोळ्याला दिसता कामा नये. अख्खा शाफ्ट थोडा गोल फिरेल, तो गिअरमधला बॅकलॅश. त्याला क्रॉसचा प्ले समजून नवा क्रॉस घालणारे खूप आहेत. कपांभोवती तांबडी पूड दिसली तर हलवून बघायचीही गरज नाही.

खरी परीक्षा शाफ्ट उतरवल्यावर होते. योक हाताने चारही दिशांना वाकवा. लोण्यासारखा फिरला पाहिजे. मधोमध येऊन टक्कन बसत असेल तर सुयांनी हातावर खाचा पाडल्यात. प्ले शून्य असला तरी तो क्रॉस बाद.

शाफ्ट उतरवताना काय सांभाळायचं?

आधी गाडी पळणार नाही हे सांभाळा. काही फोर बाय फोरचा हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या मागच्या तोंडावर असतो. तो शाफ्टला धरतो. मागचा शाफ्ट काढला की हँडब्रेक धरतो कोणाला? गिअरमध्ये ठेवण्याचा किंवा ऑटोमॅटिकच्या 'पी'चाही उपयोग नाही, कारण चाकांशी संबंधच तुटलेला असतो. मी हे एकदा शेवटचा बोल्ट निघाल्यावर शिकलो. जागा सपाट आहे असं डोळ्याला वाटत होतं. गाडी वीतभर पुढे सरकली आणि माझ्या खांद्याजवळ येऊन थांबली, ती एका चाकाखाली सहज सरकवलेल्या विटेमुळे. आता मी आधी चारही चाकांना ठोकळे लावतो आणि मग पाना शोधतो.

मग खुणा. फ्लॅन्जच्या दोन्ही अर्ध्यांवर, आणि स्लिप योकच्या दोन्ही भागांवर, पांढऱ्या रंगाची रेघ किंवा पंचचा ठिपका. खडूची खूण डिझेलने धुताना निघून जाते. बोल्ट कडक पोलादाचे असतात. हरवले तर डब्यातला कुठलाही साधा बोल्ट घालू नका. सेल्फ-लॉकिंग नट नवे घ्या. शाफ्टचं एक टोक सुटलं की तो दुसऱ्या क्रॉसवर लोंबकळू देऊ नका, तारेने चॅसीला बांधा. पट्टीने धरलेले कप सुटे होतात, त्यांना लगेच चिकटपट्टी गुंडाळा. एक कप खाली पडला की सुया मातीत वेचत बसावं लागतं. आणि शाफ्ट थेट ट्रान्सफर केसमध्ये घुसणारा असेल, तर तो ओढताच तिथून ऑइल वाहणार. खाली भांडं ठेवा.

खुणा केल्या नव्हत्या, किंवा पुसल्या गेल्या. आता?

साध्या दोन क्रॉसच्या शाफ्टवर दोन्ही टोकांचे योक एका रेषेत येतील असं बसवा. शाफ्ट सपाट टेबलावर ठेवला की डोळ्याने कळतं. स्प्लाइनचा एक दात इकडेतिकडे झाला तरी थरथर येते. अर्ध्या फेरीने उलटं बसलं तर योक रेषेत येतात पण तोल बिघडू शकतो, म्हणून थरथर असेल तर एकदा १८० अंशांनी फिरवून बघा. मात्र काही गाड्यांचे पुढचे शाफ्ट उत्पादकानेच मुद्दाम योक तिरपे ठेवून बनवलेले असतात, कारण दोन्ही टोकांचे कोन वेगळ्या पातळ्यांत असतात. ते 'सुधारायला' जाऊ नका. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये आकृती असते.

क्रॉस घरी बदलता येतो का?

येतो. व्हाइस, दोन मापांची सॉकेट, लॉक (कप जागेवर धरणारी कडी) काढायची पकड आणि धीर एवढं लागतं. लॉक काढा, लहान सॉकेटने एका बाजूने दाबा, समोर मोठं सॉकेट धरा म्हणजे कप त्यात येईल. योकवर घणाचे घाव घालू नका. योकचं भोक लांबट झालं तर नवा क्रॉसही टिकणार नाही.

बसवताना निम्म्या लोकांची एकच चूक होते. कप आत जाताना एखादी सुई आडवी पडते. कप शेवटचे दोन-तीन मिलिमीटर जात नाही, लॉक बसत नाही, आणि माणूस व्हाइस आणखी आवळतो. सुई मोडते. कप अडला की थांबायचं, काढायचं, सुया ग्रीसने पुन्हा चिकटवायच्या. नवा कप बसवताना क्रॉसचा हात आत सरकवून ठेवला तर सुया त्याच्याभोवती उभ्या राहतात.

सगळे लॉक बसल्यावर क्रॉस घट्ट वाटला तर योकच्या कानावर पितळी हातोडीने हलका ठोका द्या. कप बाहेर सरकून लॉकला टेकतात आणि क्रॉस मोकळा होतो. निपल कोणत्या तोंडाला येतोय तेही बसवण्याआधीच बघा: नळीच्या बाजूला, गन पोचेल असा. मी एकदा तो फ्लॅन्जकडे तोंड करून बसवलाय. त्या क्रॉसला पुढच्या प्रत्येक वेळी ग्रीस मारताना शाफ्ट उतरवावा लागला, शेवटी तो वैतागून लवकर बदलला.

गाडी दोन इंच उंच केली आणि तेव्हापासून थरथरते.

शाफ्टचा कोन वाढला, आणि बहुधा दोन्ही टोकांना सारखा वाढला नाही. साध्या शाफ्टला ट्रान्सफर केसचं तोंड आणि पिनियन समांतर हवेत, अंशभराच्या आत. एक्सलखाली तिरप्या पाचरी घालून किंवा आर्मचे बुश बदलून पिनियन वळवतात. कोन फारच तीव्र असेल, आणि पुढचा आखूड शाफ्ट असेल तर तो असतोच, तर ट्रान्सफर केसच्या टोकाला दुहेरी क्रॉस लावतात. तिथे हिशेब बदलतो: पिनियन समांतर न ठेवता सरळ शाफ्टकडे रोखलेला ठेवायचा, म्हणजे खालच्या क्रॉसला जवळपास कोनच राहत नाही. जवळपास म्हणतोय, अगदी शून्य नको. क्रॉस अजिबात वाकला नाही तर सुया एकाच जागी ठोके खात खाचा पाडतात.

आणखी दोन गोष्टी बघा. चॅसी वर घेऊन एक्सल पूर्ण लोंबकळू दिला की शाफ्ट हाताने फिरवा. योक योकला कुठे टेकतो का? आणि स्प्लाइन किती आत उरली? थोडीशीच अडकलेली स्प्लाइन डांबरी रस्त्यावर निभावते आणि पहिल्याच मोठ्या चढावर बाहेर येते.

सीव्ही बूट फाटलाय. किती दिवस चालेल?

कालच फाटला असेल तर घाई करा, जॉइंट वाचेल. रिमच्या आतल्या बाजूला ग्रीसचे फराटे दिसतात, त्यावरून कळतं. जॉइंट उघडून पूर्ण धुवायचा, सुकवायचा, किटमधलं सगळं ग्रीस त्यात भरायचं आणि नवा बूट घट्ट पट्टीने बांधायचा. साधं चॅसी ग्रीस इथे चालत नाही. टकटक सुरू झाली असेल तर नुसता बूट बदलण्यात अर्थ नाही. हबचा मोठा नट नवा वापरा, पूर्ण टॉर्कला आवळा, आणि शाफ्ट काढलेला असताना गाडीचं वजन त्या चाकावर देऊ नका, बेअरिंग सुटतं.

क्रॉस वाटेत तुटला. एक शाफ्ट काढून गाडी घरी आणता येईल?

बहुतेकदा येते. टू-व्हील आणि फोर-व्हील निवडता येणाऱ्या गाडीत पुढचा शाफ्ट गेला तर तो काढून टू-व्हीलवर चालवा. मागचा गेला तर तो काढून फोर-व्हीलला टाका, गाडी पुढच्या चाकांवर ओढली जाते. ताकद लावू नका आणि वेग कमी ठेवा. कायम फोर-व्हील असलेल्या गाडीत सेंटर डिफरन्शियल (पुढच्या आणि मागच्या शाफ्टमध्ये ताकद वाटणारं) लॉक करावं लागतं, नाहीतर सगळी ताकद मोकळ्या तोंडाकडून निसटते आणि गाडी जागची हलत नाही. इलेक्ट्रॉनिक क्लच किंवा व्हिस्कस कपलिंगच्या गाड्यांत हा प्रयोग करू नका. आणि हँडब्रेकचं वर सांगितलंय.

तुटलेला शाफ्ट जागच्या जागी ठेवून 'हळूहळू जाऊ' असं मात्र कधीच नाही. पुढचं टोक सुटून जमिनीत रुतलं तर गाडी उचलली जाते. नाही रुतलं तर फिरणारा शाफ्ट ब्रेकच्या नळ्या आणि डिझेलची टाकी फोडतो.

फोर-व्हील कोरड्या डांबरावर वापरली तर शाफ्टला काय होतं?

वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. सेंटर डिफरन्शियल नसेल किंवा ते लॉक असेल तर दोन्ही शाफ्टना मात्र सारखंच फिरावं लागतं. मातीत टायर घसरून हिशेब जुळवून घेतात. कोरड्या डांबरावर घसरत नाहीत, आणि फरक शाफ्टमध्ये पीळ म्हणून साठतो. स्टिअरिंग जड होतं, लीव्हर टू-व्हीलला यायला नकार देतो. सरळ थोडं रिव्हर्स घेतलं की पीळ सुटतो. पुढे-मागे वेगळ्या झिजेचे टायर असतील तर हेच सरळ रस्त्यावरही होतं. उलट, फोर-व्हील वर्षभर लावलीच नाही तर पुढच्या शाफ्टचं ग्रीस आणि ट्रान्सफर केसचं ऑइल एका जागी बसून राहतं. महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर काही किलोमीटर चालवा.

लांबच्या सफरीला सोबत काय घेऊ?

आपल्या गाडीचा एक क्रॉस लॉकसकट, फ्लॅन्जचे चार बोल्ट आणि नट, त्या मापाचा पाना, छोटी ग्रीस गन, थोडी तार. पाना आधी घरी त्या बोल्टवर लावून बघा. फ्लॅन्ज आणि योकच्या मधली जागा इतकी अरुंद असते की बऱ्याच गाड्यांत जाड सॉकेट तिथे शिरतच नाही.